राणी वारल्यावर : दुखवटा, अंत्ययात्रा आणि खान्देशातून येणारे प्रश्न

एलिझाबेथ राणी गेल्याची बातमी आपल्याकडे ८ सप्टेंबर २०२२ च्या रात्री अकराच्या सुमारास आली. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी विसर्जनाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सजत होत्या, आणि मिरवणुकीतून घरी येऊन टीव्ही लावावा तर अख्खं लंडन काळ्या कपड्यांत. लगेच पितृपक्ष लागला. त्यामुळे असेल, पण जळगाव-धुळ्याकडच्या लोकांनी तो सगळा सोहळा जाणत्या नजरेनं पाहिला. खांदा कुणी दिला, पुढे कोण चाललं, लेक कुठं होती, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही लंडनचे आहेत, काही थेट बऱ्हाणपूरचे, कारण राणीच्या दुखवट्याची एक मोठी गोष्ट खान्देशच्याच मातीत घडलेली आहे.

परक्या देशाची राणी गेली, मग आपला तिरंगा अर्ध्यावर का?

केंद्र सरकारनं ११ सप्टेंबर २०२२ हा एक दिवस दुखवट्याचा जाहीर केला होता. ज्या सरकारी इमारतींवर रोज झेंडा असतो तिथे तो अर्ध्यावर उतरवला गेला आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम झाले नाहीत. शाळेला सुट्टी मिळाली का, असं मुलं विचारतात. तो रविवार होता, तेव्हा दुखवट्याची वेगळी सुट्टी कुणालाच मिळाली नाही.

दुसऱ्या देशाचा पदावर असलेला प्रमुख वारला की सरकार असा मान देऊ शकतं. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूही अंत्यविधीला लंडनला गेल्या होत्या. ‘ज्यांनी लुटलं त्यांच्यासाठी झेंडा खाली?’ असा राग तेव्हा बऱ्याच जणांनी बोलून दाखवला. राग समजण्यासारखा आहे, पण एक हिशेब लक्षात ठेवावा. आपण २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झालो आणि एलिझाबेथ गादीवर आल्या ६ फेब्रुवारी १९५२ ला. त्या भारताच्या राणी कधीच नव्हत्या. मान दिला तो शेजारपाजारच्या घरी मयत झाल्यावर जाऊन यावं तसा.

झेंड्याची एक बारीक रीत बऱ्याच शाळांत चुकते, म्हणून सांगतो. अर्ध्यावर लावायचा झेंडा आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी टोकापर्यंत न्यायचा आणि मगच खाली घ्यायचा.

‘राजाले सुतक लागस का?’

अहिराणीत विचारलेला हा प्रश्न सगळ्यांत आवडता, कारण बाकीची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

माणसाला लागतं, गादीला लागत नाही. लंडनमध्ये हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. आई गेली त्याच क्षणी चार्ल्स राजा झाले, मध्ये एक मिनिटही गादी रिकामी नव्हती. ९ तारखेला त्यांचं भाषण झालं, १० तारखेला सेंट जेम्स राजवाड्यात त्यांच्या नावाची द्वाही फिरली. त्या द्वाहीसाठी अर्ध्यावर आणलेले झेंडे एका दिवसापुरते पुन्हा पूर्ण वर नेले आणि नंतर परत खाली आणले. आपल्याकडे घरात मयत असताना तोरण बांधायचं आणि मग सोडायचं, असं कुणी करेल का? तिथे केलं, कारण रडणारं घर वेगळं आणि चालणारं राज्य वेगळं असं ते धरतात. राजाचा स्वतःचा जो झेंडा आहे, रॉयल स्टँडर्ड, तो तर कधीच अर्ध्यावर येत नाही. राजा मरतच नाही, फक्त माणूस बदलतो, अशी त्यामागची समजूत.

हे ऐकून ‘गोऱ्यांची तऱ्हा’ म्हणून हसण्याआधी आपलं शास्त्र बघावं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अशौचाचे दिवस वर्णावर मोजून दिले आहेत: ब्राह्मणाला दहा, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा, शूद्राला महिनाभर. म्हणजे शेतात सगळ्यांत जास्त राबणाऱ्यानं सगळ्यांत जास्त दिवस अडकून राहायचं. ही विभागणी कुणाच्या सोयीची होती ते सांगायला नको. पण त्याच अध्यायात राजासाठी वेगळी तरतूद आहे. राजा राजपदावर बसला आहे तोवर त्याची शुद्धी तत्काळ, कारण तो प्रजेच्या रक्षणासाठी तिथे बसला आहे. लंडनची समजूत आणि हे वचन एकमेकांना न विचारता एकाच जागी येऊन पोचले.

म्हणून राजाला घरात पाट धरून बसता येत नाही. चार्ल्स त्या दहा दिवसांत एडिनबर्ग, बेलफास्ट, कार्डिफ असे फिरत होते. उत्तर आयर्लंडमध्ये सही करताना पेन गळालं आणि ते कॅमेऱ्यासमोरच वैतागले. लोकांनी त्यावर विनोद केले. मला मात्र त्या सगळ्या झगमगाटात तेवढाच एक क्षण मयतीच्या घरातला वाटला. दहाव्याच्या आत माणूस अशाच क्षुल्लक गोष्टीवर चिडतो.

गादी आणि घर यांचं भांडणही एकदा झालं आहे. डायना ३१ ऑगस्ट १९९७ ला गेली. ती राणी नव्हती, तरी लोकांनी तिला राणीहून जास्त मानलं. राणी तेव्हा बाल्मोरलला होत्या, आणि राणी राजवाड्यात नसताना बकिंगहॅमवर झेंडाच लावत नसत. नियमानं सगळं बरोबर होतं. पण लोक चिडले: घरचं माणूस गेलं आणि झेंडा नाही? शेवटी ६ सप्टेंबरला, अंत्यविधीच्या दिवशी, युनियन जॅक अर्ध्यावर लागला. राजघराण्याला प्रजेनं सुतक पाळायला लावलं, असं म्हटलं तरी चालेल.

मग दुखवटा किती दिवस होता?

दोन दुखवटे होते. देशाचा अंत्यविधीच्या दिवसापर्यंत, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत. राजघराण्याचा त्यानंतर आणखी सात दिवस, २६ सप्टेंबरपर्यंत. योगायोग असा की २६ लाच आपल्याकडे घट बसले. म्हणजे त्यांचा जवळजवळ अख्खा शोक आपल्या पितृपक्षात मावला.

आपल्याकडे दिवस मयतीपासून मोजतात, त्यांच्याकडे राजघराण्याचे दिवस अंत्यविधीपासून मोजले गेले. शिवाय आपल्याकडे दहावं आणि गंधमुक्ती झाली, कपाळी गंध लागलं की माणूस कामाला मोकळा. तिथे असा एक ठळक विधी नाही, तारीख संपते आणि काळे कपडे कपाटात जातात.

अकरा दिवस पार्थिव ठेवलं कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा आपल्याकडची घाई आठवत असते. सुरतेहून लेक यायची आहे, पुण्याहून मुलगा निघाला आहे, आणि इकडे भाऊबंद म्हणतात, ऊन चढायच्या आत काढा. हल्ली भाड्यानं थंड पेटी मिळते म्हणून एक रात्र निघते.

राणीची शवपेटी ओक लाकडाची होती आणि आतून शिशाचा पत्रा होता. त्यामुळे हवा-ओल जात-येत नाही. ती फार जड होते, म्हणून आठ सैनिकांनी खांदा दिला. हे आठजण ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीचे होते.

आणि ते अकरा दिवस पेटी एका जागी नव्हती. राणी स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला वारल्या. ११ तारखेला पेटी रस्त्यानं एडिनबर्गला आली, वाटेत गावोगावचे लोक दुतर्फा उभे होते, काही ठिकाणी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रांगेनं लावून मान दिला. हे दृश्य आपल्या लोकांना फार आवडलं. मग सेंट जाइल्स चर्च, १३ ला विमानानं लंडन, १४ ला वेस्टमिन्स्टर हॉल. तिथे १९ च्या सकाळपर्यंत दर्शन. हे सगळं फार वर्षं आधी ठरवलेलं होतं. लंडनच्या बेताला ‘लंडन ब्रिज’ असं सांकेतिक नाव होतं आणि राणी स्कॉटलंडमध्ये गेल्या तर काय करायचं, त्या बेताला ‘युनिकॉर्न’. जिवंतपणी स्वतःच्या मयतीचा कागद वाचून त्यावर मत द्यायचं, हे आपल्याकडे अशुभ. राणीनं ते शांतपणे केलं. अंत्यविधीतल्या कित्येक गोष्टी त्यांनीच ठरवलेल्या होत्या.

लेक पेटीबरोबर होती का?

होती, आणि सुरुवातीपासून. राजकन्या अ‍ॅन बाल्मोरलहून लंडनपर्यंत पेटीसोबत आल्या. राजघराण्यात पेटीच्या चार बाजूंनी मान खाली घालून पहारा द्यायची एक रीत आहे, ती आजवर पुरुषांची होती. एडिनबर्गला भावांबरोबर अ‍ॅन उभ्या राहिल्या आणि असा पहारा देणारी त्या घराण्यातली ती पहिली बाई ठरली.

आपल्याकडेही हे बदलतं आहे. लेकीनं अग्निडाग दिल्याच्या बातम्या जळगाव-धुळ्याच्या पेपरात आता अधूनमधून येतात. पण त्याची ‘बातमी’ होते, यातच काय ते आलं.

तोफेचा गाडा माणसांनी का ओढला? घोडे नव्हते का?

घोडे होते, म्हणूनच माणसं आली. फेब्रुवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा विंडसरला निघायची होती. थंडीत ताटकळलेले घोडे बिथरले, जुंपणीचे पट्टे तुटले. पेटी पडायची वेळ आली तेव्हा तिथे उभ्या असलेल्या नौसैनिकांनी हाती लागतील ते दोर घेऊन गाडा ओढत नेला. फजिती झाकायला केलेली सोय पुढे रीत झाली. २०२२ ला १४२ नौसैनिकांनी तोच गाडा ओढला. आपल्या कुठल्याही रिवाजाचं मूळ खोदलं तर अशीच एखादी अडचण सापडेल, असं माझं मत आहे.

पेटीवरच्या मुकुटात कोहिनूर होता का?

नाही. २०२२ ला पेटीवर होता तो इंपीरियल स्टेट क्राउन, त्यात कलिनन नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्याचा मोठा तुकडा आहे. कोहिनूर बसवला आहे तो राणीच्या आईच्या मुकुटात. ती आई ३० मार्च २००२ ला वयाच्या १०१ व्या वर्षी गेली आणि तेव्हा तिच्या पेटीवर तो मुकुट, कोहिनुरासकट, ठेवला होता. दोन अंत्ययात्रांची सरमिसळ होते, म्हणून वाद होतात.

मला मुकुट ठेवण्यापेक्षा काढण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. विंडसरच्या चर्चमध्ये शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी मुकुट, राजदंड आणि सोन्याचा गोल पेटीवरून उचलून वेदीवर ठेवले. मग राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्यानं, लॉर्ड चेंबरलेननं, आपल्या अधिकाराची काठी मोडून पेटीवर ठेवली. राणीची नोकरी संपली, त्याचीही संपली. त्यानंतर पेटी हळूहळू तळघरात उतरली. गादीचं जे होतं ते वर राहिलं आणि माणूस खाली गेला. संध्याकाळी कॅमेऱ्यांशिवाय, फक्त घरच्यांच्या समोर, पती फिलिप यांच्या शेजारी दफन झालं.

दर्शनाच्या रांगेत खरंच लोक रात्रभर उभे होते?

हो. सरकारचा अंदाज अडीच लाख लोकांचा आहे. रांग एका वेळी सोळा किलोमीटरपर्यंत गेली आणि थांबायचा वेळ चोवीस तासांवर. पंढरीच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. नवल एवढंच की आत पोचल्यावर कुणी फोटो काढत नव्हतं. बंदीच होती.

काळे कपडे का? आपल्याकडे तर पांढरे.

युरोपातही नेहमी काळेच होते असं नाही. फ्रान्सच्या राण्या शोकात पांढरं नेसत. स्कॉटलंडची मेरी राणी १५६० मध्ये विधवा झाली, तेव्हाचं तिचं पांढऱ्या बुरख्यातलं चित्र आजही आहे. १९३८ मध्ये एलिझाबेथ यांच्या आईची आई वारली आणि लगेच त्या आईचा, म्हणजे तेव्हाच्या राणीचा, पॅरिसचा राजकीय दौरा होता. काळे कपडे घालून जाणं बरं दिसेना, तर जुन्या रिवाजाचा आधार घेऊन सगळा पोशाख पांढरा शिवला.

काळ्याचा दबदबा बसवला तो व्हिक्टोरियानं. नवरा अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला आणि ती १९०१ ला स्वतः जाईपर्यंत, चाळीस वर्षं, काळ्यातच राहिली. तिचं बघून अख्ख्या इंग्लंडात शोकाच्या कपड्यांची आणि काळ्या दागिन्यांची बाजारपेठ उभी राहिली. आणि याच बाईनं स्वतःच्या मयतीला पांढरं मागितलं. तिला पांढऱ्या वेषात, लग्नातली जाळीची ओढणी घालून पेटीत ठेवलं. पेटीत अल्बर्टचा झगाही ठेवला होता.

इथे एक गोष्ट सोडून पुढे जाववत नाही. व्हिक्टोरियानं चाळीस वर्षं काळं नेसलं ते तिच्या मर्जीनं, आणि त्या वेषात ती अर्ध्या जगावर राज्य करत होती. आपल्याकडे विधवेचं कपाळ पुसणं, बांगड्या फोडणं यात मर्जी कुणाची असते? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो बाकीच्या गावांपुढे ठेवला. खान्देशातही ठराव झाले. ठराव फळ्यावर लावणं सोपं, दहाव्याच्या दिवशी नदीवर तो आठवणं अवघड.

राजघराण्याबद्दल आणखी एक किस्सा सांगतात. १९५२ मध्ये वडील गेले तेव्हा एलिझाबेथ केनियात होत्या आणि सामानात काळा पोशाख नव्हता. लंडनला विमान उतरल्यावर तो आत नेऊन दिला, तेव्हा त्या खाली उतरल्या. तेव्हापासून त्या घरातलं कुणीही परदेशी निघालं की एक काळा जोड बरोबर असतो.

खान्देशात राणीचा दुखवटा झाला होता म्हणता, तो कोणता?

मुमताज महलचा. ताजमहालामुळे ती आग्र्याची वाटते, पण ती वारली बऱ्हाणपुरात, आणि बऱ्हाणपूर ही तेव्हा मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण रावेरच्या माणसाला बाजारहाटासाठी ते आजही आपलंच.

शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर तिथे तळ देऊन होता. १७ जून १६३१ ला मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली. वय अडतीस. जन्मलेली मुलगी, गौहरआरा, जगली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत मुमताजला दफन केलं.

दुखवट्याचं वर्णन दरबारी बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. बादशहा आठवडाभर झरोक्यात आला नाही. मोगलांच्या राज्यात ही फार मोठी गोष्ट. रोज सकाळी झरोक्यात तोंड दाखवणं म्हणजे ‘बादशहा जिवंत आहे, राज्य चालू आहे’ असं प्रजेला सांगणं. वर सुतकाच्या प्रश्नात गादी आणि माणूस वेगळे म्हटलं, ते इथे एक आठवडा मोडलं. बादशहानं गादीवरही शोक पाळला. त्यानं पांढरे कपडे घातले, दरबारही पांढऱ्यात आला. दोन वर्षं गाणंबजावणं, अत्तर, दागिने वर्ज्य. दाढी भराभर पांढरी झाली, असंही लिहिलं आहे.

कारभार मात्र फार दिवस थांबला नाही. जनानखान्याची प्रमुख म्हणून मुमताजच्या जागी थोरली मुलगी जहाँआरा आली. ती सतरा वर्षांची होती. आईच्या संपत्तीपैकी निम्मी तिला मिळाली, उरलेली निम्मी बाकीच्या भावंडांत वाटली.

डिसेंबर १६३१ मध्ये कबर उघडून पार्थिव आग्र्याला निघालं. पुरलेलं पार्थिव पुन्हा काढणं इस्लामी रीतीत सहसा होत नाही, बादशहासाठी ते झालं. सोबत पंधरा वर्षांचा शहाजादा शुजा होता आणि वाटेत दानधर्म होत गेला. आग्र्याला पोचल्यावरही थेट ताजमहालात नाही, कारण तो अजून पायातच होता. तिथेही आधी तात्पुरतं दफन, मग कायमचं. म्हणजे त्या बाईला मातीही तीनदा मिळाली. पुढे दर वर्षी आग्र्याला तिचा उरूस होत असे, कुराणपठण आणि गरिबांना जेवण.

आता दुसरी बाजू. १६३० ते ३२ हा खान्देश, गुजरात आणि दख्खनच्या भयंकर दुष्काळाचा काळ. याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. बऱ्हाणपुरात बादशहानं लंगर उघडले, आणि दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांत वाटायचे असा हुकूम काढून वीस सोमवारांत एक लाख वाटले. तेही बखरकारांनीच लिहिलं आहे. त्या साली तापीकाठी मेलेल्या बायकांची मोजदाद कुणी केली नाही, बाळंतपणात गेलेल्यांची तर नाहीच. एकीच्या नावानं दोन वर्षं दरबार पांढरा झाला. शोक खरा नव्हता असं मी म्हणत नाही. पण खान्देशच्या माणसानं ताजमहाल बघताना ते वर्ष कोणतं होतं हे विसरू नये.

ताजमहाल बऱ्हाणपुरातच होणार होता, हे खरं का?

बऱ्हाणपूरचा प्रत्येक रिक्षावाला हे सांगतो: तापीची माती ठिसूळ, वाळवी फार, म्हणून बेत रद्द झाला. ऐकायला छान आहे, दंतकथा म्हणूनच ऐकावी. मकराण्याचा संगमरवर आग्र्याला नेणं सोपं होतं आणि राजधानी तिकडे होती, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आपल्या मराठी राण्यांचं काय?

जिजाबाई राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ ला, रायगडाखाली पाचाडला वारल्या. तिथे त्यांची समाधी आहे. राज्याभिषेक ६ जूनचा, म्हणजे मांडवाची फुलंही सुकली नसतील. पुढे निश्चलपुरी गोसाव्यानं पहिल्या विधीत दोष राहिल्याची जी लक्षणं मोजली, त्यांत हा मृत्यूही धरला, आणि २४ सप्टेंबर १६७४ ला तांत्रिक पद्धतीनं दुसरा राज्याभिषेक झाला. राजमातेच्या मृत्यूचा अर्थ राज्याच्या भाषेत लावला जातो, तो असा.

अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला गेल्या, नर्मदेवर त्यांची छत्री आहे. पण त्यांच्या बाबतीत मला त्यांच्या मृत्यूहून १७५४ साल मोठं वाटतं. नवरा खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला आणि त्या सती निघाल्या होत्या. सासरे मल्हाररावांनी गयावया करून थांबवलं. थांबल्या, म्हणून पुढची जवळपास तीस वर्षं होळकरांचं राज्य नीट चाललं. राजा गेला तर राणीचा दुखवटा चितेवर संपायचा, आणि राणी गेली तर राजानं पांढरं नेसलं तरी इतिहासात नोंद व्हायची. अहिल्याबाईंची स्वतःची लेक मुक्ताबाई १७९१ मध्ये सती गेली, तेव्हा मात्र आई थांबवू शकली नाही.

हिंदू राजघराण्याची अंत्ययात्रा अलीकडे कुठे झाली?

नेपाळात, जून २००१ मध्ये. राजवाड्यातल्या हत्याकांडात राजा वीरेंद्र आणि राणी ऐश्वर्या दोघंही गेले. हजारो पुरुषांनी मुंडन केलं, न्हाव्यांनी पैसे घेतले नाहीत. अकराव्या दिवशी ‘कट्टो’ नावाचा विधी झाला: एका ब्राह्मणाला जेवू घालून, राजाचे कपडे आणि वस्तू देऊन, हत्तीवर बसवून काठमांडूच्या खोऱ्याबाहेर पाठवलं. मृताचं जे काही गावात उरलं असेल ते त्यानं घेऊन जावं, अशी कल्पना. सात वर्षांनी, २००८ मध्ये, तिथली राजेशाहीच गेली.

आणि थायलंड? तिथे वर्षभर म्हणतात.

हो. २४ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या राजमाता सिरिकित ९३ व्या वर्षी गेल्या आणि राजघराण्यानं वर्षभराचा दुखवटा धरला. त्यांचे पती राजा भूमिबोल २०१६ ला गेले, दहन झालं साधारण वर्षानं, मेरू पर्वताच्या आकाराचा भव्य मंडप उभारून. तेव्हा बाजारातले काळे कपडे संपले आणि लोकांना जुने कपडे फुकट रंगवून द्यायला रस्त्यावर कढया लागल्या. वर्षभर शोक ही कल्पना आपल्याला परकी नाही. वर्षश्राद्धापर्यंत घरात मंगलकार्य करत नाहीत, आणि वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरताना घर पुन्हा रडतं.

मधमाश्यांना राणी गेल्याचं सांगितलं, ही थाप ना?

थाप नाही. घरचा मालक गेला की पोळ्यांना सांगायचं, नाहीतर माश्या मध देणं थांबवतात किंवा निघून जातात, अशी इंग्लंडात जुनी समजूत आहे. राजवाड्याच्या मधमाश्या सांभाळणाऱ्यानं पेट्यांवर काळ्या फिती बांधल्या, दार ठोठावलं आणि नव्या मालकाशी चांगलं वागा असं सांगितलं. कावळा शिवेपर्यंत नदीवर ताटकळणाऱ्या आपण यावर हसू नये.

खर्च किती आला?

ब्रिटिश सरकारनं नंतर दिलेला आकडा सुमारे १६.२ कोटी पौंडांचा आहे, दर्शन आणि अंत्यविधी धरून. त्यात मोठा वाटा बंदोबस्ताचा. तेरवीच्या जेवणासाठी कर्ज काढू नका असं आपल्याकडे प्रत्येक समाजाच्या मेळाव्यात सांगतात. तिथेही २०२२ मध्ये महागाईनं लोक त्रासले असताना हा प्रश्न विचारला गेला.

बऱ्हाणपूरला गेलो तर या विषयाचं काय बघावं?

भुसावळहून रेल्वेनं सोपं पडतं. आधी तापीकाठचा शाही किल्ला, तिथलं रंगवलेल्या छताचं हमामखाना चुकवू नका. मग नदी ओलांडून जैनाबादकडे अहुखाना. मुमताजचं पहिलं दफन त्याच परिसरातलं. पडझड आहे, दुपारचं ऊन असेल तर पाणी बरोबर घ्या. परतताना खरबूजा महल बघा, तो खरं तर शुजाच्या बेगमेची, बिल्किसची कबर आहे. सासूप्रमाणे तीही बऱ्हाणपुरातच बाळंतपणात गेली. तिला कुणी आग्र्याला नेलं नाही, त्यामुळे खान्देश सुभ्यातल्या एका शाही बाईची कबर आजही जागेवर आहे आणि आतली रंगीत नक्षी बरीच टिकून आहे. कुलूप असलं तर चौकीदाराला हाक मारावी लागते.